ईथर ३४.६, नागपूर ४७.९

चार आकडे आधी एका ओळीत ठेवतो: ३४.६, ४६.३, ४७.९ आणि ४८. चारही अंश सेल्सिअस. पहिला डायएथिल ईथरचा उत्कलनबिंदू, दुसरा कार्बन डायसल्फाइडचा. चौथा संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागली तर भडका उडेल इतकी वाफ ज्या तापमानाला द्रवावर जमते तो अंश. तिसरा आकडा कुठल्याच रसायनाचा नाही. २३ मे २०१३ या दिवशी नागपुरात नोंदले गेलेले ते कमाल तापमान आहे.

अन्नविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २० किंवा २५ अंश. बाटलीवरची ‘थंड जागी ठेवा’ ही सूचनाही त्याच हवेतून आलेली असते. नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच ४२ अंशांच्या पुढे असते. वर्गातले प्रात्यक्षिक त्याआधी संपलेले असते, पण प्रकल्प आणि प्रबंध करणारी मुले नेमकी याच दिवसांत प्रयोगशाळेत असतात. ज्या खोलीत वातानुकूलन नाही आणि वर पत्रा आहे, तिथे भर दुपारी ईथरची बाटली उघडणे म्हणजे उकळत्या द्रवाची बाटली उघडणे आहे. बंद बाटलीत ४२ अंशांना ईथरच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे सव्वापट होतो. झाकण फिरवताच फस्सकन आवाज येतो तो यामुळे.

गणित थोडे पुढे नेऊ. शंभर मिलिलिटर ईथर म्हणजे सुमारे ७१ ग्रॅम. त्याची पूर्ण वाफ झाली तर ४० अंशांना ती जवळपास २५ लिटर जागा घेते. हवेत ईथर १.९ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते, आणि ३६ टक्क्यांपर्यंत ते पेटण्याजोगेच राहते. म्हणजे चहाच्या मोठ्या कपात मावेल इतके ईथर सुमारे १.३ घनमीटर हवेला, टेबलाखालच्या सगळ्या पोकळीला, ज्वलनशील करू शकते. अर्ध्या लिटरची बाटली फुटली तर साडेसहा घनमीटर. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशी वजनकाट्याची खोली तेवढीच भरते. शिवाय ही वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या टेबलावरच्या बर्नरपाशी किंवा फ्रिजच्या मागच्या रिलेपाशी पोहोचते.

आणि आमच्याकडे कूलर असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खिडकीत बसवल्याशिवाय माणूस खोलीत बसूच शकत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण फ्यूम हूडच्या तोंडाशी हवा आत ओढली जाण्याचा योग्य वेग सेकंदाला अर्धा मीटर एवढाच असतो. कूलरचा झोत त्याच्या कितीतरी पट जोरकस. तो हूडच्या समोर आला की आत ओढली जाणारी वाफ बाहेर उधळली जाते आणि हूड नुसते कपाट होऊन बसते. कूलर कुठल्या खिडकीत बसवायचा, हा नागपुरात प्रयोगशाळेच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि कुठल्याही परदेशी पुस्तिकेत तो सापडणार नाही.

एवढे ईथर अन्नाच्या प्रयोगशाळेत लागते कशाला? पदार्थातली चरबी मोजायला. १८७९ मध्ये फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने दुधातली चरबी काढण्यासाठी काचेचे एक उपकरण केले, ते आजही त्याच नावाने ओळखले जाते. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळते, वर कंडेन्सरमध्ये वाफ थंड होते, थेंब थेंब नमुन्यावर पडतात, चरबी विरघळवून पुन्हा खाली जातात. असे सहा-आठ तास. एका वेळी सहा नमुने लावले की पाऊण ते एक लिटर द्रावक उकळत असते.

सगळी भिस्त त्या कंडेन्सरवर. कंडेन्सरला पाणी कुठून येते? नळातून, आणि नळाला गच्चीवरच्या टाकीतून. मे अखेरच्या नवतप्यात दुपारी दोन वाजता त्या पाण्याखाली हात धरून बघावा. ईथर ३४.६ अंशांना उकळते आणि त्याला थंड करायला सोडलेले पाणी त्याहून गरम असते. वाफ थंड होणारच नाही, ती वरच्या तोंडातून खोलीत येत राहील. इथे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. खोलीत स्फोटक हवा साठत जाते, आणि फ्लास्कमधले द्रावक आटल्यामुळे चरबी पूर्ण निघत नाही. सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के तेल असते. वहीत १५ आले तर विद्यार्थी वाणाला दोष देतो, दळण जाड झाले म्हणतो. दोष टाकीच्या पाण्याचा असतो.

मला या लेखात मांडायचे आहे ते एवढेच. सुरक्षेचे प्रशिक्षण आणि संशोधनाचे प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी समजल्या जातात. पहिली म्हणजे सत्राच्या सुरुवातीला घेतलेले एक व्याख्यान आणि हजेरीपटावरची सही, दुसरी म्हणजे खरे काम. प्रत्यक्षात ज्या चुकीने हात भाजतो, बहुतेकदा त्याच चुकीने आकडाही खोटा येतो. ईथरऐवजी ६०–८० अंशांना उकळणारे पेट्रोलियम ईथर घ्यावे, कंडेन्सरला बर्फाचे पाणी पंपाने फिरवावे, निष्कर्षण पहाटे सुरू करून अकराच्या आत आटोपावे. या तिन्ही उपायांनी धोका कमी होतो आणि तेलाचा आकडाही सुधारतो. पेट्रोलियम ईथर पेटतेच, त्याचा धाक सुटता कामा नये. पण ते खोलीत बसल्या बसल्या उकळत नाही.

शेवटची पायरी बहुतेकांच्या लक्षातून सुटते. चरबी निघाली की फ्लास्क वाळवायला शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये जातो. त्यात चमचाभर ईथर उरले असेल तर बंद ओव्हनमध्ये त्याची वाफ कोंडते. ईथर १६० ते १८० अंशांना ठिणगीशिवाय आपोआप पेटते, आणि ओव्हनची तार त्याहून कितीतरी तापलेली असते. दाराचा स्फोट होतो तो असा. आधी हूडखाली फ्लास्कमधले ईथर पूर्ण उडू द्यायचे, वास गेला की मगच ओव्हन. जुन्या बाटलीचा आणखी एक धोका म्हणजे हवेशी संयोग होऊन ईथरमध्ये पेरॉक्साइडे तयार होतात, आणि कोरडे होईपर्यंत आटवले तर तीच फुटतात. बाटली कधी उघडली ती तारीख लेबलवर लिहिणे हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच बहुतेक बाटल्यांवर दिसत नाही.

आता दुसऱ्या आकड्याकडे, ४६.३. कार्बन डायसल्फाइड अन्नविज्ञानात येते ते सरकीच्या तेलामुळे, म्हणून हा तर कापसाच्या मुलखाचा घरचा विषय आहे. तेलात सरकीचे तेल मिसळले आहे का हे पाहण्याची जुनी हालफेन चाचणी अशी: तेलात गंधक विरघळवलेले कार्बन डायसल्फाइड आणि अमाइल अल्कोहोल घालायचे, आधी ७०–८० अंशांच्या वॉटरबाथवर कार्बन डायसल्फाइड पूर्ण उडवून लावायचे, आणि मग परीक्षानळी ११० अंशांच्या आसपासच्या मिठाच्या पाण्यात ठेवायची. सरकी असेल तर लाल रंग चढतो. कार्बन डायसल्फाइडचा फ्लॅश पॉइंट उणे ३०. आणि त्याला पेटायला ज्योत लागत नाही, सुमारे ९० ते १०० अंशांचा गरम पृष्ठभाग पुरतो. म्हणजे पहिली पायरी घाईने उरकून दुसरीकडे गेलेला विद्यार्थी, जवळपास कुठे आग नसताना, नळी पेटलेली पाहतो. ‘पूर्ण उडवून लावा’ या तीन शब्दांत ही सगळी गोष्ट दडलेली आहे.

पण याच चाचणीत एक सुंदर संशोधनप्रश्नही आहे. विदर्भात गायी-म्हशींना सरकीची ढेप घालतात. त्या जनावरांच्या दुधाचे तूप केले तर ते शुद्ध असूनही हालफेन चाचणीत रंग दाखवू शकते, कारण सरकीतली विशिष्ट मेदाम्ले चाऱ्यातून दुधात उतरतात. तुपाची आणखी एक कसोटी म्हणजे रायकर्ट-माइसल मूल्य. पाच ग्रॅम तुपातली पाण्यात विरघळणारी, उडून जाणारी मेदाम्ले उदासीन करायला दशांश नॉर्मल अल्कलीचे किती मिलिलिटर लागतात तो आकडा. सरकीवर पोसलेल्या जनावरांच्या तुपात तो उतरतो. म्हणूनच भेसळ प्रतिबंधाच्या जुन्या नियमांत महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यासाठी वेगळी, कमी मर्यादा ठेवावी लागली होती. यवतमाळच्या शेतकऱ्याचे निर्मळ तूप भेसळीचे ठरू नये यासाठी कुणीतरी त्या तुपाचे नमुने नीट तपासले, तेव्हा हे झाले. आजचे वाण वेगळे, ढेप काढण्याच्या पद्धती वेगळ्या, पशुखाद्याचे मिश्रण वेगळे. ते काम पुन्हा करण्याजोगे आहे. मला विचाराल तर एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी नागपुरात बसून याहून चांगला विषय शोधावा लागत नाही.

हे काम करायला शहरात माणसे आणि जागा दोन्ही आहेत. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. कामठीचे मँगेनीजच्या खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले तेव्हा उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी त्यांनी विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले होते. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, जिला सारे नागपूर एलआयटी म्हणते. तेल तंत्रज्ञान आणि अन्न तंत्रज्ञान हे तिचे ओळखीचे विषय. २०२३ मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. एलआयटी ज्या अमरावती रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, जी १९८५ मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली. पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून इथेच आहे, आणि पाणी व पर्यावरणाची नीरी १९५८ पासून. काही किलोमीटरांच्या परिघात फळ, दूध, तेल आणि पाणी या चारही गोष्टींची प्रयोगशाळा असलेली शहरे देशात फार नाहीत.

संत्र्याचेच घ्या. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी फळ बहुतांशी ताजेच विकावे लागते, आणि याच्या कारणांत एक रासायनिक कारण आहे. रस काढला तेव्हा गोड लागतो, काही तासांनी किंवा तापवल्यावर कडवट होतो. फळात असलेले एक बेचव द्रव्य रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलते, आणि लिमोनिन लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम झाले की जिभेला कळते. बिया जास्त तेवढा हा त्रास जास्त. सालीतल्या सुगंधी तेलात मुख्यत्वे असते ते लायमोनीन. नाव जवळचे, पण वस्तू अगदी वेगळी. पहिले घन आणि कडू, दुसरे पातळ आणि सुवासिक. वहीत दोन्ही नावे गोंधळून लिहिलेली पाहिली की जीव कळवळतो.

लायमोनीनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४८ अंश. थंड देशात हे तेल तसे निरुपद्रवी मानले जाते. आपल्याकडे मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल येतात, म्हणजे सालीवरचे काम ऐन उन्हाच्या तोंडावर येते. पत्र्याखाली ठेवलेल्या डब्यातले तेल दुपारी ४८ अंश गाठू शकते. सालीचे तेल काढणाऱ्या लघुउद्योगाला मार्गदर्शन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हा आकडा उत्पन्नाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे अहवालात द्यायला हवा.

पूर्व विदर्भातल्या लाखोळी डाळीचा प्रश्नही तसाच. भाताच्या कापणीआधी उभ्या पिकात फेकून पेरली जाणारी ही डाळ दुष्काळात गरिबाला जगवते. तिच्यातले ओडीएपी हे द्रव्य मात्र, महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर, पायांचा पांगळेपणा आणते. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि द्रव्य ओळखले गेले १९६४ मध्ये. आधी बंदी आणि नंतर रसायन असा हा क्रम. भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले तर त्यातले किती जाते, कुठल्या वाणात मुळात किती कमी असते, भंडाऱ्याच्या आणि गोंदियाच्या घरांत प्रत्यक्षात ती कशी शिजते: हे मोजायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. चिकाटी लागते.

रोजच्या चाचण्यांतही धोके आहेतच. दुधाच्या संकलन केंद्रावर वर्षानुवर्षे होत आलेली गर्बर चाचणी म्हणजे १० मिलिलिटर सुमारे ९० टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. मिसळताना बाटली हातात धरवत नाही इतकी तापते. बूच निसटले तर समोर तोंडच असते. प्रथिने मोजायची केल्डालची पद्धत १८८३ ची. त्यात आम्ल पोटॅशियम सल्फेट घालून चारशे अंशांच्या जवळ नेतात आणि थंड झाल्यावर त्यात ४० टक्के कॉस्टिक सोडा सोडतात. थंड होण्याची वाट न पाहणाऱ्याचा अपघात ठरलेला. गंमत अशी की केल्डाल प्रथिने मोजतच नाही, नायट्रोजन मोजतो आणि दुधासाठी ६.३८ ने गुणतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलॅमिन घातले गेले ते याच फटीतून. मेलॅमिनमध्ये ६६.६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून लिटरमागे एक ग्रॅम घातले की चार ग्रॅम प्रथिने वाढल्यासारखी दिसतात. जवळपास तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. गुणकाचा अर्थ न कळता गुणणारा विश्लेषकही धोकादायकच असतो.

आता संधींचे आकडे थोडक्यात. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर ३० दिवसांत अपील करता येते. असा विश्लेषक होण्यासाठी रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अन्न तंत्रज्ञानासारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा लागते. संशोधनाकडे वळणाऱ्याला कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे. गेट या परीक्षेत अन्न तंत्रज्ञान अभियांत्रिकीच्या आणि जीवविज्ञानाच्या अशा दोन्ही पेपरांत निवडता येते. अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम असताना १४ आणि १६ यांतला फरक खात्रीने सांगू शकणाऱ्या हाताला काम कमी पडणार नाही.

त्या हाताचे रक्षण कोण करतो? कारखाना कायदा १९४८ चा, तो कामगारासाठी केलेला. विद्यार्थी कामगार नाही. अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी वेगळे मानक १९९० मध्ये आले, तरी २९ डिसेंबर २००८ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २३ वर्षांच्या एका संशोधन साहाय्यिकेच्या अंगावर हवेत पेटणारे रसायन सांडले. तिने अॅप्रन घातला नव्हता, अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. बरोबर एक वर्षाने, २९ डिसेंबर २००९ ला, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. ५ डिसेंबर २०१८ ला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरच्या स्फोटात एक. ही सगळी नामांकित ठिकाणे आहेत. सुती अॅप्रन उन्हाळ्यात नकोसा होतो हे मान्य, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते आणि सूत चिकटत नाही. कापसाच्या मुलखातल्या मुलांनी हे दुसऱ्याकडून शिकायची वेळ येऊ नये.

प्रशिक्षण कसे असावे याबद्दल माझे मत ठाम आहे. व्याख्यान कमी, मोजमाप जास्त. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पातल्या प्रत्येक द्रावकाचे चार आकडे स्वतः काढावेत: उत्कलनबिंदू, फ्लॅश पॉइंट, हवेतली पेटण्याची किमान टक्केवारी, आणि आपल्या खोलीत ती गाठायला किती मिलिलिटर पुरतील. शेवटचा आकडा कुठल्याच तक्त्यात मिळत नाही, कारण खोली त्याची स्वतःची असते. तो काढल्याशिवाय कपाटाची किल्ली मिळू नये.

आणि डोळे धुण्याचा नळ. आम्ल उडाले तर सलग १५ मिनिटे डोळा धुवायचा असतो, आणि त्या पाण्याचे तापमान १६ ते ३८ अंशांत असावे असे अमेरिकी मानक सांगते. आपला नळ त्याच गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असतो. म्हणून प्रशिक्षणाचा एक तास मे महिन्यात दुपारी दोन वाजता घ्यावा. मुलांनी थर्मामीटर घेऊन नळाचे पाणी मोजावे, मग गच्चीवर जाऊन टाकीचे, आणि दोन्ही आकडे तारखेसह दारावर लावावेत. पाणी ३८ च्या वर गेले तर टाकीवर सावली कधी येणार आणि डोळ्यांसाठी गार पाण्याचा वेगळा साठा कुठे ठेवणार, हे त्याच कागदावर खाली लिहावे, सहीसकट. वर जाण्याआधी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो का तेही पाहावे. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि हवामान खात्याच्या तपासात दोष सेन्सरचा निघाला.